शंका आली तर तीन

११ फेब्रुवारी

अंगाला वास येतो त्यांच्या! माशाचा. पिवळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या.

मला हे कळायला नको होतं. कुठल्या पिंजऱ्यात कुठलं खाद्य जातं ते मला माहीत नसावं, म्हणून तर एवढा खटाटोप. खाद्य दुसऱ्या खोलीतून भरून येतं. पिंजऱ्यांवर नुसत्या रंगीत चिठ्ठ्या – पिवळी, निळी, पांढरी. एका रंगाला माशाचं तेल, एकाला मक्याचं, एकाला नेहमीचं साधं खाणं. मी फक्त डोळे बघायचे आणि गुण द्यायचे. शून्य म्हणजे काचेसारखा डोळा. पाच म्हणजे गेलेला. परीक्षेच्या उलट – गुण वाढले की वाईट.

अजून कुणालाच संसर्ग दिलेला नाही. आज सुरुवातीची तपासणी होती. सगळे शून्य. पण पिवळ्यातला पहिला उंदीर मुठीत धरून डोळे तपासायच्या यंत्रापुढे आणला आणि नाकाने सगळं सांगून टाकलं.

उद्या सरांना सांगते.

१२ फेब्रुवारी

नाही सांगितलं. सर दिवसभर बैठकीत.

१३ फेब्रुवारी

आज सर होते. तरी नाही. सांगितलं तर मला उठवतील आणि दुसऱ्या कुणाला बसवतील. दुसऱ्यालाही नाक असणारच! आणि नजर माझ्याइतकी बसलेली नसणार.

– हे खरं कारण नाही. खरं कारण, हा प्रयोग माझ्याच हातून व्हायला हवा आहे मला. ताईसाठी.

१६ फेब्रुवारी

सुट्टी. ताई खिडकीशी बसून एका कोटाच्या बाहीला रफू करत होती. कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे आणि भोकावर विणायचे. उभा, आडवा, उभा, आडवा. काम झालं की भोक कुठे होतं ते तिचं तिलाही सापडत नाही. भावजी गेल्यावर माझ्याकडे राहायला आली ती एक पेटी कपड्यांची आणि एक डबी सुयांची घेऊन. सुयांची डबी हातात धरून आली होती.

सगळं उजव्या डोळ्यावर. डावा लहानपणापासून मंद, त्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. आणि रोग यायचा तो उजव्यातच आला. ओठावर तापाचे फोड उठतात ना, त्याच विषाणूचा. एकदा शिरला की जात नाही. मागे नसेत दबा धरून बसतो. वर्ष-दोन वर्षांनी वर येतो – डोळा लाल, पाणी, समोरच्या काचेवर धुकं. औषधाने उतरतं. दर वेळी थोडं धुकं मागे ठेवून.

तिला सरांचं म्हणणं सांगितलं. विषाणू जाळतो ते काडीभर. खरं नुकसान शरीराच्याच पेशी करतात. आग विझवायला बंब येतात आणि पाण्याने घर बुडवतात. माशाच्या तेलातून शरीरात असं काही तयार होतं की ते बंबांना म्हणतं – पुरे, परत जा. असा अंदाज आहे. तोच तपासायचा आहे.

ताई म्हणाली, "म्हणजे बाहेरचा चोर परवडला, घरची माणसं नकोत!"

मग सुईवरची नजर न हलवता – "हे मला माहीत नव्हतं? दोन जावांबरोबर नांदलेय मी."

१९ फेब्रुवारी

ताईच्या डॉक्टरीणबाईंना माशाच्या तेलाबद्दल विचारून आले. "घेऊ देत. एवढ्याने अपाय नाही. उपयोग होतो का ते मी कशी सांगू, ते तुम्हीच शोधताय ना! फक्त माझ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत."

बाटली आणली. जेवणाबरोबर एक चमचा. ताईने नाक दाबून गिळलं.

"हे उंदीर आपणहून खातात?"

"हो."

"गरीब बिचारे. वर त्यांचे डोळेही तुम्हीच घालवणार."

२७ फेब्रुवारी

आज संसर्ग दिला. प्रत्येकाच्या एकाच डोळ्याला. गुंगीत असतात, कळत नाही त्यांना. मला कळतं.

ताईचं म्हणणं, ढेकर दिली की शेजारचं मांजर वळून बघतं. "या वयात कुणीतरी मागे लागलं म्हणायचं."

७ मार्च

खरं काम सुरू. आणि खरी अडचणही.

दोन म्हणजे डोळ्यावर धुकं आहे, पण मागच्या बुबुळाच्या रेषा दिसतात. तीन म्हणजे रेषा दिसत नाहीत. लिहायला सोपं. पण मधे कितीतरी डोळे असे असतात की रेषा दिसल्यासारख्या वाटतात. वाटतात म्हणजे दिसतात का?

पिवळ्यातला एक हातात आला. वास. रेषा – होत्या. मला दिसल्या. मग मनात आलं, दिसायला हव्यात म्हणून तर दिसत नाहीत?

तीन लिहिले.

८ मार्च

ठरवून टाकलं. झुकतं माप द्यायचं नाही. मन जिकडे ओढेल तिकडे हात आखडता घ्यायचा. पिवळ्यात शंका आली तर तीन. निळ्या-पांढऱ्यांत माझं काही अडकलेलं नाही, तिथे दिसेल ते.

कसं स्वच्छ वाटलं! नाक आहे त्याला इलाज नाही. पण नाकाचं ऐकायचं की नाही हे तर माझ्या हातात आहे.

१२ मार्च

सर मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "बाई, तुमच्या हातून पास होणं उंदरांनाही जड जातंय."

चष्मा हसली. (माझं झालं की प्रत्येक डोळ्याचा फोटो काढते ती. भिंगं इतकी जाड की सगळे तिला चष्माच म्हणतात. फोन उचलतानाही स्वतःच म्हणते – "चष्मा बोलतेय.")

सर तिला म्हणाले, "हसू नकोस. कडक माणूस मिळत नाही हल्ली."

घरी येईपर्यंत ते वाक्य तोंडात घोळवत होते. लिमलेटच्या गोळीसारखं.

१९ मार्च

पिवळे – तीन, तीन, दोन, तीन.

४ एप्रिल

ताईचा डोळा शांत. म्हणते, सकाळी उठल्यावर आत वाळू असल्यासारखं टोचायचं, ते गेलं. एक शाल आणि दोन कोट एका आठवड्यात उरकले. गुणगुणत होती. सूर नाही, पण जोर आहे!

उंदीर म्हणजे ताई नव्हे. एका माणसावरून काही ठरत नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

तरी ऐकत बसले.

१५ एप्रिल

चिठ्ठ्या उघडल्या. पिवळी तेलाचीच. त्यात नवल नाही.

नवल हे की फरक नाही. पिवळी, निळी, पांढरी – तिन्ही सारख्याच. तेल खाऊन बंब परत गेले नाहीत.

सर खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही तर नाही. नकार हाही निकालच असतो." उठताना – "तुम्ही तपासलंय म्हणजे प्रश्नच मिटला."

माझा नियम आठवला. एवढ्या-तेवढ्याने निकाल फिरतो का? खरा फरक असता तर माझ्या कडकपणातूनही वर आला असता.

वाईट वाटलं. आणि, लाज वाटते लिहायला, आतून थोडी ताठ झाले. मला हवं होतं ते मी मिळू दिलं नाही!

१६ एप्रिल

"ताई, तेल बंद. निकाल लागला. उपयोग नाही."

"सुटले!" म्हणून तिने टाळी वाजवली. जेवण झालं. ताटं उचलली. मग म्हणाली, "पण अगं, मला बरं वाटत होतं."

"बरं वाटणं हा पुरावा नाही, ताई."

"नसेल. पण घेतलं तर तुझं काय जातंय?"

"ज्याचा उपयोग नाही ते कशाला घ्यायचं? नुसती मनाची समजूत."

"मनाची समजूत काय वाईट असते गं?"

दुसऱ्या बाटलीत निम्म्याहून जास्त तेल होतं. मोरीत ओतलं.

घरभर वास. ताई म्हणाली, "चला, मोरीची नजर तरी सुधारेल."

२८ मे

ताईचा डोळा लाल.

२९ मे

डॉक्टरीणबाई बराच वेळ यंत्रातून बघत होत्या. इतका वेळ बघितलं की काय दिसत असतं ते मला माहीत आहे. ताई हनुवटी टेकवून बसली होती, अगदी शहाण्यासारखी.

पुन्हा उठलाय. या वेळी खोल. गोळ्या वाढवल्या, थेंब वाढवले.

"मधे काही बदल?"

मीच बोलले. "तेल बंद केलं होतं."

"त्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडते. सर्दी-ताप, जागरण, ऊन – कशानेही उठतो हा."

"तो कावळा जरा जाडच होता," ताई म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसता आलं नाही.

१० जून

धुकं कडेने यायचं दर वेळी. आता मधोमध.

मी तिला खिडकीकडे तोंड करायला सांगते आणि बघते. यंत्र नाही, नुसता उजेड. बुबुळाच्या रेषा शोधते. ती म्हणते, "किती दिलेस?"

मी म्हणते, "गप बस."

१८ जून

कोटवाले गृहस्थ आले. जुने गिऱ्हाईक. कोपरावर सिगारेटने जळलेलं भोक. ताईने कोट मांडीवर घेतला, बोटाने भोक चाचपलं, सुई धरली. धागा ओवायला मी पुढे झाले तर हात झटकला. तिने स्वतः ओवला. बऱ्याच वेळाने, पण ओवला. मग भोकाच्या कडेला सुई घातली – ती कडेला नव्हती. बाजूच्या धडधाकट कापडात होती.

गृहस्थ म्हणाले, "सावकाश करा. मला घाई नाही."

"सावकाश केलं तरी भोक दिसायला हवं ना, साहेब!"

सगळे हसलो. ते गेले. कोट घेऊन गेले. तिच्या हातून काम न होता परत गेलेला हा पहिला कोट. तिने सुया पुसल्या, डबीत ठेवल्या, डबी माझ्याकडे दिली. "वर ठेव कुठेतरी. हाताशी असली की हात जातो."

२५ जून

आज चष्मा माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. अहवालासाठी ती प्रत्येक गुणाशेजारी त्याचा फोटो लावते आहे.

"ताई, रागावू नका." (कामावर मलाच सगळे ताई म्हणतात.) "हा बघा. याला तुम्ही तीन दिलेत. मला रेषा दिसतायत."

बघितलं. होत्या रेषा. बारीक, पण होत्या.

"आणि हा. आणि हा. माझी नजर ती काय, म्हणून दोनदा बघितलं. सगळे पिवळ्यातलेच आहेत. निळ्या-पांढऱ्यांत असा एकही नाही."

फोटोला वास नसतो. नुसते डोळे दिसत होते मला, पहिल्यांदाच.

"माझंच चुकत असेल," चष्मा म्हणाली.

"नाही. तुझं नाही."

२६ जून

सरांना सगळं सांगितलं. वास. नियम. शंका आली तर तीन.

ते आधी समजले नाहीत. "म्हणजे तुम्ही तेलाच्या बाजूने गुण दिलेत?"

"नाही सर. विरुद्ध."

"विरुद्ध का?"

"मला ते जिंकायला हवं होतं. म्हणून काळजी घेत होते."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. खालच्या आवाजात म्हणाले, "काळजी घ्यायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला? समोर जे आहे ते लिहायचं होतं. वास येतो एवढं पहिल्या दिवशी येऊन सांगायचं, बस. आपण फोटोंवरून गुण दिले असते. एका दिवसाचं काम."

एका दिवसाचं काम.

मी म्हटलं, "मला वाटलं मी प्रामाणिक राहतेय."

"लबाड माणूस निदान सापडतो हो," सर म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं. चहा मागवला. तो मी घेतला नाही.

फोटो बाहेरच्या एका तज्ज्ञाकडे पाठवतायत. पिंजऱ्यांचे रंग काढून, नुसते क्रमांक लावून.

३० जून

मन लावून कुणाचं वाईट करता येतं हे ऐकून होते. मन लावून चांगलं वागतानाही करता येतं.

हे वाक्य फार जुळून आलंय. त्याच्यावरही विश्वास ठेवू नये.

९ जुलै

उत्तर आलं. पिवळ्यांचे डोळे बाकीच्यांपेक्षा स्वच्छ. थोडे नाहीत, बरेच. मी तीन दिलेले बहुतेक दोन निघाले, काही तर एक.

सर उभेच राहिले. "चालतंय! तेल चालतंय!" चष्म्याने टाळ्या वाजवल्या. मग सरांचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्यांना ताईचं माहीत आहे.

"उंदरांत," ते म्हणाले. "उंदरांत चालतंय, बाई. माणसांचं अजून कुणालाच—"

"हो सर."

"तुमच्या बहिणीला एखादे वेळी तेल घेऊनही झालं असतं."

"हो सर. आणि एखादे वेळी नसतं झालं."

सर परत खाली बसले.

१० जुलै

डॉक्टरीणबाई म्हणतात आता धुकं नाही, व्रण आहे. थेंबांनी जायचा नाही. दुसऱ्या कुणाच्या डोळ्याची काच बसवायची तर हा विषाणू तिलाही धरू शकतो. शांत राहू दे काही महिने, मग बघू.

ताई रस्त्यात माझा दंड धरून चालते. घट्ट नाही. मी फार हळू चालते म्हणून चिडते. "वरात आहे का ही?"

मला ते आठवतं. "घेतलं तर तुझं काय जातंय?" माझं काहीच जाणार नव्हतं. एक चमचा, एक बाटली, मांजराची एक नजर. तिने मागितलं होतं – तोंडाने मागितलं होतं. मी तिला पुरावा मागितला. आणि पुरावा मीच बिघडवून ठेवलेला.

उपयोग झाला असता की नाही हे आता कधीच कळणार नाही. कळू शकलं असतं ते मोरीत गेलं.

१२ जुलै

सांगितलं ताईला. सगळं, पहिल्या दिवशीच्या वासापासून. ती मुगाची डाळ निवडत होती, बोटांनी, ताटाकडे न बघता. मधे एकदा विचारलं, "म्हणजे त्या उंदरांना गुण कमी मिळायला हवे होते?"

"हो."

"आणि तू जास्त दिलेस."

"हो."

"तू लहानपणीही अशीच. आईने लाडू वाटायला दिले की स्वतःला फुटका घ्यायचीस. आणि तुझी बहीण म्हणून मलाही फुटकाच द्यायचीस!"

हसली. मी रडायला लागले तर म्हणाली, "डाळीत पाडू नकोस, आधीच धुतलेली नाही." खडा सापडला की ताटाच्या कडेला ठेवत होती. काही खडे डाळीतच राहत होते. मी काढले नाहीत.

रात्री मी जेवले नाही.

१३ जुलै

सकाळी चहा देताना ताई म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. तेल मी बंद केलंच नव्हतं. तुझ्यामागे रोज घेत होते. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून आणत होते. घेत असूनही झालं ते झालं. तेव्हा तुझा काही संबंध नाही त्यात. जेवत जा नीट."

कोपऱ्यावरचा औषधवाला हे तेल ठेवत नाही. फेब्रुवारीत मी आधी त्याच्याकडेच गेले होते.

म्हटलं, "बरं केलंस, ताई."